धुतलेली गाडी

सन २०२२, आषाढ महिना, धानाच्या रोवणीचे दिवस. माझ्या मोटारसायकलचे चाक चिखलाने फिरेनासे झाले होते. जावई ऊर्जानगरहून गाडी धुवायचे बॅटरीचे मशीन घेऊन आला होता.

"मामाजी, पाइप पाण्यात सोडायचा आन् मशीनच्या बंदुकीचा घोडा दाबायचा. मी करून देऊ?"

"मले शिकवून राह्यला का?"

शेजारी शंकर मासेमाराच्या दारात भरलेला ड्रम होता. पागोळ्यांचे पाणी असेल, असे मी ठरवले. विचारण्याची मला सवय नाही. पाइप त्यातच सोडला. अर्ध्या तासात गाडी आरशासारखी झाली. मी जावयाकडे पाहिले. तो ड्रमाकडे पाहत होता.

तेवढ्यात शंकर आला आणि ओरडला, "भाऊ, पानी कुठी गेलं? तलावात सोडाची मासोळ्यायची पिल्लं होती ना यात!"

पाइपाच्या तोंडाला जाळी होती म्हणून पिल्ले आत ओढली गेली नव्हती. पण तळाच्या चार बोटे पाण्यात ती शेकड्यांनी तडफडत होती.

"विचारलं काऊन नाई?" शंकर म्हणाला.

मी गाडी सुरू केली. पिल्ले घागरीत भरून, ती मांडीवर घेऊन शंकर मागे बसला. तलावाच्या वाटेवर दोनदा रुतलो. पोचलो तेव्हा गाडीचा रंग ओळखू येत नव्हता, माझाही नाही.

शंकरने घागर पाण्यात कलती केली. पिल्ले सळसळत निघून गेली.

"झाली फेड, भाऊ," तो म्हणाला.