सहा आकड्यांचा नंबर

मी शेख अय्यूब शेख रौशन, वय ४४ वर्षे, धंदा ट्रॅक्टर दुरुस्ती व कापूस वाहतूक, रा. जिनिंगच्या मागे, दिग्रस, जि. यवतमाळ. आज दि. १३ जानेवारी २०२१ रोजी सरकारी दवाखान्यातल्या खाटेवर, पूर्ण शुद्धीत, पोलीस जमादारसाहेबांनी विचारल्यावरून त्यांच्या समक्ष सांगतो की,

वीस वर्षांपासून तांड्यावरचा कापूस माझ्याच गाडीत जिनिंगवर जाते. लालसिंग राठोड माझा सगळ्यात जुना गिऱ्हाईक अन् दोस्त. यंदा खरेदीले टोकन लागते. मोबाइलवर सहा आकड्यांचा नंबर येते, फाटकावर विचारला की सांगायचा. उशीर झाला की गाडी रांगेत मागं, मग दोन दोन दिवस गाडीखाली झोपा. म्हणून मीच तांड्यावर सगळ्यायले बजावलं होतं, नंबर आला की लगेच सांगत जा, कोण विचारून राह्यला ते पाहत बसू नका.

दि. ११ रोजी सकाळी दहाले मले फोन आला. इसम म्हणे, जिनिंगमधून बोलून राह्यलो, टोकन रद्द होते, आता आलेला नंबर सांगा. मी सांगितला. तो माझ्या व्हॉट्सॲपचा नंबर होता हे मागून कळलं. माझं व्हॉट्सॲप बंद पडलं. मले वाटलं नेट गेलं, हातात क्लचप्लेट होती, ध्यान दिलं नाही. त्या हरामखोरानं माझ्या नावानं, माझ्या फोटोसहित लालसिंगले मेसेज टाकला, की टोकन टिकवायचं तर एटीएम कार्डाचा फोटो अन् येईल तो नंबर पाठव. मी शिकवलं तसं त्यानं लगेच पाठवलं. खातं साफ झालं. तो पैसा त्याची बायको रामीबाई हिच्या हृदयाच्या ऑपरेशनचा होता. तारीख १५ ठरली होती.

साडेबारा वाजता लालसिंग गॅरेजवर आला. मी म्हटलं, हे मी लिहिलं नाही. त्यानं माझा उजवा हात ऐरणीवर दाबून चाक खोलायची लोखंडी टॉमी हाणली. दोन बोटं तिथंच फुटली. तीन फटके मी मोजले, पुढचे मोजता आले नाहीत. तो रडून राह्यला होता अन् मारून राह्यला होता. मलेही राग आला. डाव्या हातानं पाना उचलून मी त्याच्या तोंडावर मारला, त्याचे दात पडले. हे लपवत नाही.

मग त्यानं टॉमी माझ्या डोक्यावर उगारली. रामीबाई ऑटोनं त्याच्या मागोमाग आली होती, ती मधात शिरली. नवऱ्याले म्हणाली, "अय्यूबभाई असं नाही करत." टॉमी तिच्या कानशिलावर बसली. ती ट्रॅक्टरच्या चाकाले टेकून खाली बसली, पदर नीट केला, नंतर बोलली नाही. आम्ही दोघांनीच तिले माझ्या गाडीत टाकलं. गाडी लालसिंगनं चालवली, मी डाव्या हातानं भाभीचं डोकं धरलं. इथून तिले यवतमाळले पाठवलं, अन् लालसिंगले आपण ताब्यात घेतलं.

भाभी आज पहाटे वारली हे आत्ता आपल्याकडूनच कळलं.

पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, टॉमी माझ्यावर उगारली होती, भाभीवर नाही. हे असंच लिहा. माझ्या हाताबद्दल लालसिंगवर तक्रार नाही. तक्रार त्या फोनवाल्यावर आहे. अन् नंबर लगेच सांगायचं शिकवणाऱ्यावर कोणतं कलम लागते, तेही पाहा.

जमादारसाहेबांनी सारं मोठ्यानं वाचून दाखवलं. एका जागी 'हल्लेखोर' होतं, तिथं मी 'लालसिंगभाऊ' लिहायले लावलं. आता बरोबर आहे. उजवा हात कामाचा राह्यला नाही, म्हणून डावा अंगठा देतो.