डावीकडची टिकटिक

...आजारी नाही हो दादा, झोप झाली नाही म्हणून डोळे असे दिसतायत. ही झोपेत बडबडते, आणि चार दिवस झाले, बडबडीत एकच – टिकटिक, टिकटिक. मग मी आपली छताकडे बघत पडून राहते, की उद्या ते अपघाताच्या तपासणीचे साहेब येतील, हिलाही दोन शब्द विचारतील, तेव्हा ही काय बोलेल. काय बोलणार, साडेचार वर्षांची पोर. तू तिथे टायरवर बस गं, हात काळे करू नकोस. तर मला तुमच्याकडून एवढंच हवंय, कागदावर दोन ओळी – डावीकडचा इंडिकेटर दिला की दांडा अडकून बसतो, परत मध्ये येत नाही. खाली तुमची सही. स्विच खराब आहे, हे तर खरंच आहे ना. त्यात खोटं काय आहे.

सांगते ना, कसं झालं ते. शाळेच्या गल्लीतून डावीकडे वळून मोठ्या रस्त्याला लागले. पुढे सरळ जायचं होतं. पण डावीकडचा इंडिकेटर तसाच चालू राहिला – अडकला ना – आणि पुढच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी, सायकलवर, एक पाय रस्त्यावर टेकून उभा. त्याला वाटलं, बाई आत वळतेय. वाटणारच, कुणालाही वाटलं असतं. आणि दादा, त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. आभार मानल्यासारखी, की वा, बाई इशारा देऊन वळतायत. आणि सायकल पुढे घातली. मी वेगात नव्हते, खरंच नव्हते. तरी गुडघा गेला. डॉक्टर म्हणतात, पाय राहील, पण वाकणार नाही. शिंप्याला न वाकणारा पाय घेऊन काय करायचंय, मशीन काय हाताने चालवणार तो? त्याची बायको होती दवाखान्यात. नुसती माझ्या बाहीच्या उसवलेल्या शिवणीकडे बघत बसली होती.

हे कशाला दाबलंत? हां, चारही दिवे एकदम लागतात का ते बघताय. लागले की. म्हणजे बल्ब चांगले, वायर चांगली, दोष राहिला तो दांड्यातच – मी तेच म्हणतेय मघापासून. करा, डावीकडे करा. – आला मध्ये. पुन्हा करून बघा ना, चाक न फिरवता. – आला. आता आला हो, पण त्या दिवशी नाही आला. यंत्र आहे, माणसासारखंच, चारचौघांत शहाण्यासारखं वागतं. माझी ही नाही का, पाहुणे आले की नुसती साखर.

बघा, बघा, काढा ते कव्हर. हा पांढरा दात? झिजलाय म्हणजे... दांडा धरून ठेवणारा दात झिजलाय. म्हणजे अडकत नाही, उलट थांबतच नाही. असं कसं, दादा. दोन्ही नसेल का होत? कधी थांबत नाही, कधी अडकतो – अडाण्यासारखं विचारतेय का मी? घरात मला सगळे म्हणतात, एवढी शिकलीस आणि साधी हवा भरता येत नाही. खरंय. दोन महिने झाले, दांडा सोडला की मध्ये येतो, हे मला माहीत होतं की. ह्यांना तीनदा सांगितलं. म्हणाले, बोटाने धरून ठेव, एवढं काय. धरून ठेव! एका हातात चाक, दुसऱ्या हाताने हिला मागे पाण्याची बाटली द्यायची, आणि बोट? तिसरा हात कुठून आणू? त्यात ही सारखी मागून, आई टिकटिक, आई टिकटिक. त्या दिवशीही तेच. मी म्हटलं, गप्प बस जरा, मला गाडी चालवू दे. ओरडलेच. लगेच गप्प बसली. एरवी कधी ऐकत नाही, पण त्या दिवशी ऐकलंन.

हे काय काढलंत कव्हरच्या फटीतून?

हिचा रबर आहे. केसांचा. पोरांच्या वस्तू काय, कुठेही पडतात, सीटखाली आख्खी बिस्किटं सापडतील तुम्हाला. तुटलाय, हो. बरेच दिवस शोधत होते मी तो – म्हणजे त्या दिवसापासूनच. दांड्याला कसले धागे? गुलाबी? द्या इकडे ते. असं बघू नका हो माझ्याकडे. बरं, बांधायचे मी. कधी कधी. एक टोक दांड्याला, एक शेजारच्या हवेच्या जाळीला, की मग दांडा राहतो डावीकडे, आणि हात मोकळा. वळून झालं की लगेच काढायचे. दर वेळी काढायचे. मी विसरभोळी आहे, कबूल, दूध उतू जातं माझ्याकडून, पण हे मी विसरत नव्हते. त्या दिवशीही काढला होता. काढून मग सरळ गेले. काढला नसता तर टिकटिक ऐकू आली नसती का मला? – नाही, तुम्ही पान्हा खाली ठेवू नका. माझ्यावर विश्वास नाही ना तुमचा? हिच्यावर तरी ठेवा, ती मागेच बसली होती, तिने सगळं पाहिलंय. ये गं इकडे. घाबरू नकोस, काका रागावत नाहीत. सांग त्यांना. आईने त्या दिवशी रबर काढला होता ना?

"पाठ केलेलं सांगू, आई?"