लाल शाई

संग्रहालयाच्या बाकावर मास्तर पेपर तपासत बसले होते. शेजारी दोघं भावंडं कवी पणजोबांच्या पत्रांचं गाठोडं सांभाळत ताटकळली होती.

"दादा, कंटाळले रे. पणजीची पत्रं नकोत म्हणे संग्रहालयाला. संपादकांची तेवढी हवीत."

"तिच्या पत्रांवरही पणजोबांचं अक्षर आहे की. लाल शाईनं सुधारून परत पाठवायचे."

"बायकोला? विरहाच्या एवढ्या कविता केल्या ना तिच्यावर?"

"केल्या. पण पोर तापानं फणफणलंय असं तिनं कळवलं, तर शेरा काय? 'पाल्हाळ नको.'"

"मग?"

"मग तिनं कोराच कागद पाठवला."

"बरं केलं. तो तरी तसाच ठेवला ना?"

"छे! खाली लिहिलंय, 'आता जमले.'"

मास्तरांचं लाल पेन हातातच राहिलं.