आधी जेवा, मग बोलू

अरे, आमच्या काकांचं ऐकलं का? आमच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात फोनवर तक्रारी तेच घ्यायचे. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं याचे त्यांनी लिहून दिलेले प्रॉम्प्टचे साचे मी न वाचताच मेसेजला उत्तरं देणाऱ्या एआय एजंटला जोडले. पहिल्याच दिवशी चकलांब्याच्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला, “मोटार बंद पडली, लगेच माणूस पाठवा!”

एजंटनं विचारलं, “जेवलात का?”

“न्हाई.”

“आधी जेवा, मग बोलू.” आन् तक्रार घेईचना!

मी काकांवर चिडलो, “हे कावून लिहिलं?”

“उपाशी माणूस लई भांडतो बाबा. पत्ताबी नीट सांगत न्हाई.”

मी माफी मागायला गिऱ्हाइकाला फोन लावला. पलीकडून घास चावतच आवाज आला, “थांब की बे, अर्धी भाकर राहिली!”