पच्चीस की पचास

पच्चीस आणि पचास यांत फरक किती, सांगा बघू? तुम्ही म्हणाल पंचवीस. गणित बरोबर आहे तुमचं. मला विचाराल तर एका माणसाचा, माझ्या दाजींचा.

आम्ही बडोद्याचे, म्हणजे खापरपणजोबा सरकारांच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि घराणं इथलंच झालं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती. मी आकडेसुद्धा दोन भाषांत मोजतो, घरात पंचवीस-पन्नास, गॅरेजमध्ये पच्चीस-पचास. गॅरेज फतेगंजला, स्कूटरचं. तेव्हा स्कूटरी सगळ्या टू-स्ट्रोक, पेट्रोलातच ऑइल मिसळायचं, पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल. काय सांगू तुम्हाला, झोपेत हलवून विचारलं असतं तरी तोंडातून पचासच आलं असतं.

माझी थोरली बहीण, अक्का, विश्वामित्रीच्या काठी, अकोट्याकडे सखल गल्लीत राहायची, तळमजल्याला. दाजी रेल्वेत होते, रिटायर झाले आणि अर्धांगवायूनं खाटेवर पडले. त्या वर्षांत शहरात पैसा येत होता, नदीचा काठ भरून भरून इमारती उठत होत्या, आणि वरच्या मजल्याची माणसं गॅलरीत उभी राहून पूर बघायची. पाणी शिरायचं ते अक्काच्या गल्लीत, दरवर्षी एक पायरी वर. कुणाला सांगायचं? अर्ज दिले, अर्ज घेतलेही, पुढं काही नाही. मग गल्लीतलं गणपती मंडळ म्हणालं, आपली बोट आपणच घेऊ. प्रमुख रमणभाई, गुजराती माणूस, पण आरती आमच्यापेक्षा शुद्ध म्हणायचे आणि वर आम्हालाच चिडवायचे, तमे मराठी के अमे, मराठी तुम्ही की आम्ही?

भावनगरकडे जहाजं तोडतात, तिकडून एका माणसानं बोटीमागं लावायचं जुनं मशीन पाठवलं. मंडळानं ते भगव्या रंगानं रंगवलं, वर ज्यानं पैसे दिले त्या देणगीदाराचं नाव पांढऱ्या अक्षरात. मशीन माझ्या हवाली केलं, कारण टू-स्ट्रोक म्हणजे मीच. मी एसटीडी बूथवरून त्या माणसाला फोन लावला, बाहेर ट्रक घुरघुरतोय, विचारलं, भाई, ऑइल केटलुं नाखवानुं, किती घालायचं? तो म्हणाला, पच्चीसे एक. मला ऐकू आलं पचासे एक. बरं, मी परत विचारलं हो, कशाला खोटं बोलू, विचारलं, पचास ने, म्हणजे पन्नासच ना? तो म्हणाला, हा हा, बस. त्याला त्याचा आकडा ऐकू आला, मला माझा.

मी पाच लिटरच्या डब्यात शंभर मिली ऑइल घातलं, डबा हलवला, बूच घट्ट लावलं. घालायचं होतं दोनशे. तळ्यात नारळ फोडून दहा मिनिटं चालवलं, मशीन कसं गोड चाललं, टाळ्या झाल्या. रिकाम्या बोटीत, शांत पाण्यात कुठलंही मशीन गोडच चालतं.

आणि पूर आला. सकाळची वेळ, मी आणि रमणभाई दोघं निघालो. पाणी समोरून अंगावर येत होतं, म्हणून मी पूर्ण रेस दिली. गल्लीत शिरलो तर अक्का खिडकीच्या गजांमागं, कमरेइतक्या पाण्यात, खाट टेबलावर चढवलेली आणि दाजींचं डोकं तिनं दंडावर धरलेलं. बाळ्या, घाई कर रे, हे गार पडत चाललेत. आलो अक्का, म्हटलं, हा आलोच. दोन घरं राहिली होती, आणि मशीन किंचाळलं. अशी एक बारीक किंचाळी, आणि गप्प. मी दोरी ओढली तर दोरी हलेना. ऑइल कमी पडून स्कूटरीचे असे पिस्टन जाम झालेले शेकड्यांनी बघितलेत मी, हाताला लगेच कळलं. रमणभाई म्हणाले, हलेसां क्यां छे? वल्ही घेतलीच नव्हती. मशीन आहे ना, वल्ही कशाला, हे मीच म्हणालो होतो.

पाण्यानं बोट मागं नेली. अक्का लहान लहान होत गेली. बाळ्या, बाळ्या, एवढंच ऐकू येत होतं, मग तेही नाही. दूर एका विजेच्या खांबाला आम्ही दुपारपर्यंत मिठी मारून होतो. दुसऱ्या लोकांनी दोर टाकून अक्काला काढलं. दाजी गेले होते. तिनं हात सोडला नव्हता.

पाणी ओसरल्यावर मशीन खोलत होतो, तेव्हा रंगाखाली बोटाला काहीतरी लागलं. स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं. पितळी पट्टी होती, तिच्यावर कोरलेलं, पंचवीसला एक. देणगीदाराच्या नावाच्या बरोबर खाली.

अक्का आता आमच्याकडे वासण्याला असते. पाऊस लागला की त्या भावनगरवाल्याला शिव्या देते, मेल्यानं भंगार गळ्यात मारलं. मी समोर बसून जेवत असतो. इतकी वर्षं तोंड उघडलेलं नाही. ती छापलेलं सगळं वाचते, पुडीचा कागदसुद्धा, म्हणून हे तुम्हाला सांगितलं, म्हटलं लिहा. माझ्याच्यानं होत नाही, कागदाकडून तरी कळू दे.

आणि वाचणाऱ्यांना एकच मागणं. तुमच्या गल्लीत, मंडळात असं जुनं मशीन असेल तर पाणी यायच्या आधी जा, आजच जा. रंग खरवडा, पट्टी शोधा, आणि त्यावरचा आकडा डब्यावर मोठ्या अंकांत रंगवा, तोंडी कुणाला सांगू नका. बोटीत वल्ही ठेवा. देणगीदाराचं नाव नंतर लिहा.