मधली जागा

वर्ना: आधी कोलाचे खा. खसखस भरलेले गोड पाव आहेत, सकाळीच भाजलेत. कागद काही पळून जात नाहीत.

ब्रूसार्ड: दोन झाले, वर्नाबाई. आता फक्त सही राहिली आहे.

जोलीन: आई, सार्जंटबाई लिंकनहून एवढी गाडी हाणत आल्यात ते तुझे कोलाचे चाखायला नव्हे. शनिवारी ल्यूमिरमामाला पुरायचंय. गावातला आगीचा बंब धुऊन पुसून सजवलाय, शाळेतली पोरं झेंडे घेऊन रस्त्यावर उभी राहणार. आणि तू सकाळपासून पेनाला हात लावत नाहीस.

वर्ना: सत्तर वर्षं थांबला तो. अजून आठवड्याने काय बिघडतंय?

ब्रूसार्ड: तुमच्या सहीशिवाय पेटी विमानात चढवता येत नाही. सख्ख्या नात्यातल्या तुम्ही एकट्याच उरलात.

वर्ना: पेटीत आहे किती? नीट सांग, गोड करून नको.

ब्रूसार्ड: मांडीचं एक हाड. दोन बरगड्या. खालचा जबडा, त्यात सहा दात.

वर्ना: बस?

ब्रूसार्ड: एवढंच. त्यांची एकतिसावी रेजिमेंट चोसिन तलावाच्या पूर्वेच्या काठावर अडकली होती. उत्तर कोरियानं पेट्या परत दिल्या, पण त्यात कितीतरी पोरांची हाडं एकमेकांत मिसळलेली. तुमच्या गालातून काडी फिरवून नेली होती ना, त्यातल्या डीएनएवरून जुळली.

वर्ना: आणि एवढ्याशा हाडांना अख्खी पेटी?

ब्रूसार्ड: अख्खी. हिरव्या घोंगडीत गुंडाळून टाचण्या लावतो आम्ही. वर पूर्ण गणवेश आडवा घालतो. कोट, विजार, बिल्ले, पदकं. आत कितीही थोडं असो, गणवेश पुरा असतो.

वर्ना: कोट कुठल्या मापाचा?

ब्रूसार्ड: भरतीच्या वेळी जी नोंद झाली, त्या.

वर्ना: एक माप मोठा घ्या. भरती झाला तेव्हा सतराचा होता, वाढत होता. त्याच उन्हाळ्यात जपानहून पत्र आलं होतं, बाह्या आखूड पडतात म्हणून.

जोलीन: घ्या, कोटाचं मापसुद्धा ठरलं. आता कर सही.

वर्ना: नाही करायची.

जोलीन: अगं, पण का?

वर्ना: त्याच्यासाठी एकदा केली होती सही. पुरे झाली ती.

जोलीन: कसली सही? तो गेला तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस.

वर्ना: ती जाड फाईल कसली गं, सार्जंट?

ब्रूसार्ड: तुमच्या भावाची. भरतीपासूनचा कागदन् कागद. ही घरच्यांकडेच ठेवायची असते.

वर्ना: मग भरतीचा कागद काढ.

ब्रूसार्ड: हा पाहा. तीन एप्रिल एकोणीसशे पन्नास. वय अठराच्या आत, म्हणून खाली पालकाची संमती. ‘बोझेना ह्रुश्का, आई.’

वर्ना: जोलीन, चष्मा लाव आणि बघ. नावाच्या पहिल्या अक्षराला गोगलगायीसारखा वळसा आहे. तुझ्या वाढदिवसाच्या कार्डावर असा वळसा कोण काढतं?

जोलीन: तू... आई!

वर्ना: जिल्ह्याच्या जत्रेत सुंदर अक्षराची निळी फीत मिळाली होती मला. मिरवत होते नुसती. आई-बाबांनी त्याला साफ नाही म्हटलेलं. मग स्वारीनं मला खुराड्यामागे गाठलं. “वर्नुश्का, तुझं अक्षर छापल्यासारखं. आईचं नाव लिही तेवढं, मी तुला जपानचा रेशमी रुमाल पाठवतो.” तेव्हा लढाई नव्हती गं कुठे. त्याला जपान बघायचं होतं, डुकरांच्या मागे जन्म काढायचा नव्हता. तीन महिने झाले नाहीत तोच कोरिया पेटला.

ब्रूसार्ड: लहान होता तुम्ही.

वर्ना: रुमाल आला. एकदाही डोक्याला बांधला नाही मी. घरात सगळे धरून चालले की त्यानंच आईची खोटी सही ठोकली. मी तोंड उघडलं नाही. एक्याऐंशी साली आई माझ्या मांडीवर गेली, तेव्हाही नाही.

जोलीन: आणि हे मला आज कळतंय?

ब्रूसार्ड: वर्नाबाई, याच्या मागे अजून पानं आहेत. सकाळीच वाचली मी, तेव्हा काही उलगडा झाला नव्हता. आता होतोय. नको म्हणालात तर मिटून ठेवते.

वर्ना: वाच.

ब्रूसार्ड: हे तुमच्या वडिलांचं पत्र, सप्टेंबरचं. ‘मुलगा सतराच वर्षांचा आहे. आम्ही सही दिलेली नाही. त्याला घरी पाठवा.’

वर्ना: बाबांनी लिहिलं होतं? मला ठाऊकच नाही.

ब्रूसार्ड: हे सैन्याचं उत्तर, तुमच्या आईच्या नावानं. ‘सोबत सहीची प्रत आहे. ही तुमची नसेल तर मुलाला सोडण्यात येईल, आणि खोटी सही करणाऱ्याला शोधून खटला भरला जाईल. तुमचीच असेल तर खाली तीनदा सही करून परत पाठवा.’

जोलीन: मग?

ब्रूसार्ड: खाली तीन सह्या आहेत. वीस ऑक्टोबर.

वर्ना: आण इकडे.

(वर्ना कागद खिडकीच्या उजेडात धरते.)

जोलीन: या पण तुझ्याच. तीच गोगलगाय.

वर्ना: माझ्या नाहीत. आईच्या आहेत. बघ ना, हात कसा अडखळलाय. ती जिथून आली त्या जुन्या देशातली सुटी सुटी अक्षरं यायची तिला फक्त. त्या ऑक्टोबरात मक्याची काढणी चालली होती, दमून यायची नुसती. एका संध्याकाळी वही घेऊन माझ्या शेजारी बसली. म्हणाली, “वर्नुश्का, माझं नाव तुझ्यासारखं लिहायला शिकव. ल्यूमिरला पत्र घालायचंय.” शिकवलं मी. तिचा हात धरून, चार संध्याकाळी. वळसा चुकला की हसायचे तिला. तीही हसायची.

जोलीन: म्हणजे आजीला ठाऊक होतं.

वर्ना: प्रत बघितल्याबरोबर ओळखलं असेल. आईच ती. आणि मला तुरुंगात घालतील म्हणून... जोलीन, तिनं खरं लिहिलं असतं तर तो घरी आला असता गं!

ब्रूसार्ड: वीस ऑक्टोबरला सगळा देश म्हणत होता, लढाई संपल्यात जमा आहे. त्यांना वाटलं असेल, तोही येईल आणि तुम्हीही वाचाल.

वर्ना: नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की खाल्ल्याचं पत्र आलं त्याचं. मग पत्रं आलीच नाहीत.

जोलीन: आई, बस इथे. पाणी पी.

वर्ना: आणि बाबा! त्यांना काय वाटलं असेल? सैन्यानं त्यांना कळवलंच असेल, बायकोनंच लेकाला धाडला आणि वर कबूल केलं. त्या हिवाळ्यापासून बाबा तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मीठ हवं असलं तर मला म्हणायचे, “आईला सांग.” आम्ही समजायचो, पोरगा गेला म्हणून माणूस मुका झाला. मरेपर्यंत, अठ्ठावीस वर्षं. ती समोर बसून सोसत होती आणि मी मधे बसून मीठ पुढे करत होते.

जोलीन: रड गं. रडून घे.

वर्ना: एकदा तरी मुस्काटात द्यायची होती तिनं माझ्या. एकदा तरी.

ब्रूसार्ड: सही राहू दे आज. उद्या येते मी.

वर्ना: बस खाली. पेन दे. कुठे करायची?

ब्रूसार्ड: इथे. आणि इथे खूण. पुढे त्यांची आणखी हाडं सापडली तर कळवायचं का?

वर्ना: कळवा. करंगळी सापडली तरी कळवा. मी नसले तर हिला.

जोलीन: वळसा नाही काढलास.

वर्ना: नाही.

ब्रूसार्ड: आता जागेचं. काल दफनभूमीत जाऊन आले. तुमच्या आई-वडिलांच्या मधे एक जागा मोकळी आहे. पाद्रीबाबा म्हणाले, मुलासाठीच राखलेली आहे.

वर्ना: लोकांना तसं सांगितलं आम्ही. बाबांनीच बजावून ठेवलं होतं, मला तिच्या शेजारी पुरू नका.

ब्रूसार्ड: मग ल्यूमिरना कुठे ठेवायचं?

वर्ना: तिथेच, दोघांच्या मधे. आणि पाद्रीबाबांना सांग, शनिवारी माती लोटायच्या आधी मला थोडा वेळ द्या. माझ्या बाबांना एक गोष्ट सांगायची राहिलीय.