कानापर्यंत कापा

या मंडळी, जरा जवळ सरका. केस कापायच्या दुकानात आई-लेकीचं बोलणं कानी पडलं, ते ऐकवायचं आहे.

"मावशी, हिच्या केसांची टोकं तेवढी सारखी करा."

"नको मावशी, कानापर्यंत कापा."

"खुळी का काय तू! कमरेपर्यंतची वेणी, जिवापाड वाढवली मी. कुठल्या मैत्रिणीचं बघून आलीस?"

"मला मैत्रिणी नाहीत."

"मग कारण सांग."

"बाकाला बांधता येणार नाहीत एवढे आखूड हवेत."

मावशीची कात्री थांबली. आई लेकीसमोर वाकली.

"कोण बांधतं, बाळा?"

"मागचे. बाई फळ्याकडे वळल्या की. मग बाई उभी राहा म्हणतात आणि मला उठता येत नाही. सगळे हसतात."

"रोज डोकं दुखतं म्हणायचीस. मी म्हटलं, शाळा चुकवायची नाटकं!"

"खरंच दुखायचं गं."

"उद्या येते मी शाळेत."

"नको! मग आणखी छळतील."

"बाईंशी तू बोल. मी शेजारी उभी राहते, हात धरून. आणि गाठ सोडवतं कोण?"

"कोपऱ्यातली एक. सगळे गेल्यावर येते. एकही केस तुटू देत नाही."

"नाव काय तिचं?"

"सगळे तोतरीच म्हणतात."

"आणि तू?"

"...मीपण."

"उद्या आधी तिचं नाव विचार. मग तिलाही बाईंकडे नेऊ."

"आणि केस?"

"केस तुझे. बाईंशी बोलून झालं की तूच ठरव."

"मावशी, आज टोकंच कापा."

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या गाठ सोडवणारीची आठवण असू द्या.